साडूचे चार शब्द

खच्चून भरलेली वस्तू दिसली आणि तिचा इंग्रजी शब्द ठरवल्याशिवाय माझा लातूरचा साडू पुढं गेला, असं जन्मात झालं न्हाई. शाळेत इंग्रजी शिकवून रिटायर झाला. पोरं सुटली, मी सापडलो. त्याच्याकडं चार शब्द. किनवटचं जंगल डेन्स. मी जिनिंगमध्ये हमाली करताना ढकलायचो त्या कापसाच्या गाठी कॉम्पॅक्ट. भरलेली यष्टी पॅक्ड, आणि जागा नसताना कोंबलं तर क्रॅम्ड. नुसतं बघून ठरवणार न्हाई, हात घालून बघणार. एकदा मुखेडच्या बाजारादिवशी आम्ही यष्टीच्या पायरीवर, अर्धं अंग बाहेर, आणि हा मला विचारतोय, आपण पॅक्ड का क्रॅम्ड? कंडक्टर म्हणाला, "गुरुजी, तुम्ही उतरा, बाकीचे ठरवतील." हा खरंच उतरला. खिशातली वही काढून लिहून घेतलं, तवर यष्टी गेली. त्याच्यापायी मीबी उतरलेला. दुपारभर लिंबाखाली बसलो.

माझ्या बायकोच्या लोखंडी पेटीपुढं मात्र त्याचं चाललं न्हाई. ती लुगडी अशी रचायची की मधी बोट शिरायचं न्हाई. यानं हात पुढं केला की म्हणायची, "दाजी, वह्या तपासा. पेटी न्हाई." पेटीचा शब्द तसाच अडून राहिला.

औंदा ती गेली. पेटीला मी हात लावला न्हाई. परवा साडू नांदेडला आला. त्याची बायको म्हणजे हिची धाकटी बहीण. तिला थोरलीच्या दोन लुगड्यांची वाकळ शिवायची हाय. पेटी उघडली. मी म्हणलं, घाला हात, आता कोण अडवतंय. त्यानं दोन्ही तळहात वरच्या घडीवर ठेवले. चारातला एकबी शब्द निघाला न्हाई. वही खिशातच. म्हणाला, "दादा, उपसू नका. परत असं भरणार कोण?"

मी म्हणलं, मास्तर, नेसणारीच न्हाई तर भरायचं कशाला. पण माझाबी हात पुढं गेला न्हाई.

आता झाकण बसेना. ती एका गुडघ्यानं दाबून कडी लावायची. आम्ही दोन म्हातारे पेटीवर शेजारी शेजारी बसलो, तवा कुठं कडी लागली. सुनेनं चहा आणला, तो तिथंच बसून प्यालो. चारच्या गाडीनं साडू रिकाम्या हातानं लातूरला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकट्यानंच पेटी उघडली. वाकळ अंगावर तरी घेता येईल, पेटी काय पांघरायची हाय? एक हिरवं, एक मोतिया, दोन लुगडी काढून पिशवीत घातली. झाकण एका बोटानं बसलं.

साडूला फोन लावला. "मास्तर, ढिलं पडलं तर त्याला इंग्रजीत काय म्हणता?"

तो म्हणाला, "दहाची गाडी हाय, दादा. निघालोच."