आत्यांचं मांजर

मी पहिल्यापासून तोंडाची फटकळ. माझ्या जिभेला हाड नाही असं माहेरी आईच म्हणायची. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकून कुणी मला गरीब गाय समजायला नको.

मुरुमला सासरे वारले आणि ह्यांनी सासूबाईंना तुळजापूरला आणलं. हे तहसील कचेरीत कारकून. निजाम जाऊन इतकी वर्षं झाली तरी ह्यांच्या बोलण्यात दरखास्त आणि मुद्दत असले उर्दू शब्द असायचेच. आम्ही एका पुजाऱ्याच्या माडीवर दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. खाली पुजाऱ्याचं बिऱ्हाड, आणि देवीला येणारे त्यांचे यजमान उतरायचे ती मोठी पडवी. सासूबाईंना मी आत्या म्हणायची. आत्या आल्या त्या एक पत्र्याची ट्रंक आणि एक झाकणाची पाटी घेऊन. पाटीत करडं मांजर.

"अगं बाई! हे कशाला?" मी दारातच म्हणाले.

"त्यांच्या पायाशी निजायचं गं. मागं ठिवून यायला जीव झाला न्हाय," आत्या म्हणाल्या.

मुरुमला मागं परसू होता, माती होती. इथं सगळी फरशी, जिकडं बघावं तिकडं दगड. म्हणून मोरीच्या कोपऱ्यात एका फुटक्या घमेल्यात चुलीतली राख घालून ठेवली. मांजर शहाणं. दुसऱ्या दिवसापासून बरोबर तिथं जाऊन उकरायचं, झाकायचं. चार-सहा आठवडे कसली कटकट म्हणून झाली नाही. पण त्या घमेल्याचा वास मला सोसेना. मी ते उचललं आणि जिन्याच्या तोंडाशी नेऊन ठेवलं. आत्या हळूच म्हणाल्या, "तिथं येजा लई हाय गं." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मग नवरात्र आलं. तुळजापुरातलं नवरात्र म्हणजे काय ते तिथं राहिल्याशिवाय कळायचं नाही. खाली पडवीत सोलापूरकडची, कर्नाटकातली माणसं खच्चून भरलेली. दिवसभर संबळ, आराधी, लेकरांची रडारड. गाठोडी ठेवायला यजमान बायका सरळ आमच्या जिन्यानं वर यायच्या. मांजर बाजेखाली जे शिरलं ते बाहेर यायचं नाव घेईना. आणि एका सकाळी आत्यांच्या अंथरुणात मुतलं.

मी घर डोक्यावर घेतलं. "बाटवलं सगळं घर! देवीच्या दिवसांत! आता शिंपडा गोमूत्र!"

 आत्यांनी खाली जाऊन पुजारीणबाईंकडून तांब्याभर गोमूत्र मागून आणलं, गुडघे धरत धरत सगळ्या खोलीत शिंपडलं, अंथरूण धुतलं. दुसऱ्या दिवशी मांजर उंबऱ्याशी मुतलं. आत्यांनी ते पुसलं, तिथंही गोमूत्र. तिसऱ्या दिवशी धान्याच्या डब्यामागं, चौथ्या दिवशी पुन्हा उंबऱ्याशी. आम्ही जितकं शिंपडावं तितकं ते जास्त करायचं. मला तर वाटायला लागलं, मुद्दाम करतंय मेलं. मी त्याचं नाक तिथं घासलं, पाठीत केरसुणी हाणली. आत्या भिंतीकडं तोंड करून बसायच्या.

हे संध्याकाळी कचेरीतून यायचे, नाकाला उपरणं लावायचे आणि म्हणायचे, "तुमचं तुम्ही बघा."

सातव्या माळेला मांजर खाली गेलं आणि यजमानांसाठी रचून ठेवलेल्या वाकळांवर मुतलं. पुजारी जिन्यात उभे राहून गरजले, "बाई, देवीच्या यजमानाला मी मुतात निजवू काय? दसऱ्याच्या आत मांजर तरी जाईल, न्हायतर तुमी तरी!"

"मी घेऊन जाते त्याला मुरुमला," आत्या म्हणाल्या.

"तिथं कोण आहे तुझं?" हे ओरडले. मुरुमचं घर बंद, कुलूप घातलेलं.  या दोन खोल्यांशिवाय आत्यांना जगात जागा नव्हती, आणि ते त्यांना त्या दिवशी आमच्या तोंडून कळलं.

दुसऱ्या दिवशी आत्या दर्शनाच्या रांगेत उभ्या राहिल्या. रांग लांब, दुपारपर्यंत काही येत नाहीत, हे मला ठाऊक होतं. मांजर मारायचं पाप कोण घेणार? मी ते पोत्यात घातलं, तोंड सुतळीनं बांधलं, पदराखाली धरलं आणि सोलापूरच्या वाटेनं घाट उतरून गेले. ते ओरडलं नाही, ओरडलं असतं तर परवडलं असतं. खाली एका ज्वारीच्या शेताच्या बांधावर पोतं उघडलं तर बाहेर यायला तयार नाही. आत ओलंचिंब झालेलं. मी पोतं उलटं करून झटकलं आणि मागं न बघता परत फिरले.

"गर्दीला भिऊन पळालं वाटतं कुठं तरी," मी आत्यांना सांगितलं.

दसऱ्यापर्यंत आत्या गल्लीगल्लीत हाका मारत फिरल्या. त्या गर्दीत एक म्हातारी "माऊ, माऊ" करत फिरतेय आणि लोक तिला बाजूला सारतायत, हे मी माडीवरून बघत होते. वाईट वाटलं. पण घर कोरडं होतं, आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं.

पौर्णिमेनंतर तूप घेऊन एक धनगरीण आली. तिला आत्यांनी सगळी हकीकत सांगितली. ती बाई कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं माय! मुताच्या वासावर मुतती जनावरं. तुमी रोज गाईचं मूत शिपडलं, त्याला वाटलं दुसरं कुनी तरी घरात शिरलं. आधीच भेलेलं ते, आन् घमेलं ठिवलं माणसाच्या पायात! कोपऱ्यात ठिवलं असतं, साध्या पाण्यानं पुसलं असतं, तर गप ऱ्हायलं असतं बघा."

मी तूप मोजून घेत होते. हात थांबला. शरमेनं माझे कान तापले. आत्यांनी माझ्याकडं एकदाच बघितलं. चार शब्द बोलल्या असत्या तर मीही चार बोलून मोकळी झाले असते. त्या उठून आत गेल्या.

पुढच्या चैत्रात आत्या आजारी पडल्या. अंगात ताकद उरली नाही, वैद्यांचं औषध सुरू झालं. एका पहाटे मी उठले तर त्या मोरीपाशी जमिनीवर बसून आपल्याच लुगड्यानं फरशी पुसत होत्या. अंथरूण ओलं होतं.

"अहो आत्या, उठा, मी पुसते," मी म्हणाले.

त्यांनी दोन्ही हात जोडले. सुनेला. "परत न्हाय होणार पोरी. मला घाटाखाली सोडू नको."

त्यांना ठाऊक होतं. पोतं घेऊन जाताना मला पुजारीणबाईंनी बघितलं होतं, त्यांनी दसऱ्यालाच आत्यांना सांगितलं होतं. सहा महिने आत्या माझ्या हातचं जेवत होत्या आणि अवाक्षर बोलल्या नव्हत्या. मी त्यांचे पाय धरले, रडले, शपथा घेतल्या. "बरं, बरं," एवढंच म्हणाल्या.

आणि त्यांचं अंथरूण खरंच पुन्हा ओलं झालं नाही. मला वाटलं, औषध लागू पडलं. वैशाखाच्या उन्हात त्यांची जीभ कोरडी पडली, डोळे खोल गेले, तेव्हा डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी विचारलं, "पाणी किती पितात?"

मी बाजेखाली वाकले. रोज सकाळी मी भरून ठेवायची आणि संध्याकाळी रिकामा दिसायचा तो तांब्या, आज आत्यांना उठवलंच नाही म्हणून, काठोकाठ तसाच होता. बाजेजवळच्या खिडकीतल्या तुळशीच्या कुंडीतली माती मात्र आधीचे आठ दिवस ओली दिसत होती, आणि तिला पाणी कोण घालतं हा प्रश्न मला पडला नव्हता.

मी चमच्यानं पाणी त्यांच्या ओठांशी नेलं. आत्यांनी कोरडं अंथरूण हातानं चाचपलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले.