तासाभराचं विमान

"साडेनऊला उडालो की साडेदहाला तुझ्या दारात. नाष्टा गरम ठेव," असं मी मेव्हण्याला फोनवर ठणकावून सांगितलं, तिथंच घोटाळा झाला. मोबाईलवर कोल्हापूर ते हैदराबाद विमानाचं अंतर बघितलं होतं. साडेचारशे किलोमीटरच्या आत, जेमतेम तासभर. हा तास फक्त हवेतला, हे पन्नाशी उलटलेल्या माणसाला कळायला हवं होतं.

मेव्हण्याला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मुलगी झाली होती. तिचं बारसं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि आत्या म्हणजे आमची ही, एकुलती एक. नाव तिनंच ठरवलेलं. मलासुद्धा सांगितलं नव्हतं. "आदल्या रात्रीच्या बसनं जाऊया की," ती म्हणत होती. मी म्हटलं, "रात्रभर कंबर मोडून घ्यायची, का तासाभरात ऐटीत जायचं?"

ऐटीत निघालो. मुरगूडहून पहाटे कोल्हापुरात उजळाईवाडीच्या विमानतळावर येऊन बसलो. पिशव्या तपासल्या, परत बसलो. विमानच उशिरा आलं. हवेत मात्र खरोखर तासच लागला. मी घड्याळ हिच्यापुढं धरलं. तिनं बघितलं नाही.

उतरल्यावर कळलं, विमानतळ शहराच्या एका टोकाला आणि मेव्हण्याचं घर दुसऱ्या. टॅक्सी एका पुलावर अडकली ती अडकलीच.

"दाजी, कुठं हाय?" मेव्हण्याचा फोन.

"आलोच."

"मगाशी बी आलोच म्हणलासा! बाराच्या आत नाव ठेवायचंय. शेजारच्या काकू तयार हाईत. सांगू का त्यास्नी?"

मी तोंड उघडायच्या आत हिनं फोन ओढून घेतला. "काकूबिकू कोण न्हाय. फोन लाव पोरीच्या कानाला."

पदर तोंडाशी धरून, खिडकीकडं वळून तिनं हळूच नाव सांगितलं आणि "कुर्रर्र" केलं. ड्रायव्हर आरशातून बघायला लागला. एरवी त्या क्षणी बाकीच्या बायका आत्याच्या पाठीत बुक्क्या घालतात. टॅक्सीत ते काम माझ्याकडंच आलं असतं, पण माझा हात काही उचलेना. पलीकडं बाळ रडलं, बायका हसल्या, कुणीतरी पेढे मागवले.

फोन बंद झाल्यावर ही मांडीवरच्या पिशवीतली झबली काढून परत घड्या घालायला लागली. गाडी वीतभर पुढं सरकली, परत थांबली. माझी पाठ दुखत होती, पण बोलायची सोय नव्हती.

"झालं की वेळेत," मी आपलं म्हटलं.

"झालं," ती म्हणाली. "पर गेल्या गेल्या पोरगी आधी माझ्या मांडीवर द्यायला सांगा. आन् इमानानं आलो म्हणून तितं मोठ्यानं सांगत बसू नका."