जुंपून पाहिलेला कॅमेरा

पहिला कॅमेरा सुभद्राबाईंनी कुणाकडे मागितला नव्हता. त्यांचा धाकटा भाऊ वामनराव देऊळगाव राजाला मास्तर होता. एका दिवाळीत तो आपला साधा डबा कॅमेरा लोणारला बहिणीकडे विसरून गेला. न्यायला आला तेव्हा बहीण म्हणाली, "राहू दे इथंच. तू मेला पोरं ओळीनं उभी करून फोटो काढतो. मले पाखरं काढायची हायेत."

वामनराव हसला आणि कॅमेरा ठेवून गेला. ही चार दिवसांची हौस आहे असं त्याला वाटलं, तसंच सगळ्यांना वाटलं.

सरोवराच्या काठावरच्या धारेचं, म्हणजे बारमाही झऱ्याचं, गोडं पाणी पाटाने खाली उतरतं, तिथे सुभद्राबाईंची वांग्या-मेथीची वाडी होती. सरोवराच्या खाऱ्या पाण्यात मासा जगत नाही, म्हणून मासे-बेडक्या खाणारी पाखरं या पाटावर येत. पाटाच्या कडेला कपडे धुवायचा दगड होता. त्यावर बसून बाईंनी आयुष्यभर पाखरं पाहिली होती. आता मुली सासरी गेल्यावर ती टिपायची एवढंच नवीन होतं.

पण डबा कॅमेऱ्याला जवळचं नीट दिसत नसे. चार पावलं मागे सरावं तर पाखरू फोटोत जिऱ्याएवढं. फोटो धुऊन आले की सासूबाई, सत्यभामाबाई, ते उजेडात धरून पाहायच्या.

"हे काय व सुभद्रे? माशी बसली काय याच्यावर?"

"हळद्या हाय, आत्याबाई."

"हळद्या म्हनते अन् पांढरा दिसते. हळद कुठी गेली त्याची?"

"फोटोत रंग येत नाई ना."

"मंग कावळाच काढत जाय. तो तं जसाच्या तसा येईन."

हळद्याचं बाईंना वाईट वाटत नव्हतं. त्यांचा जीव अडकला होता तो खंड्यात. दगडासमोर पाटात एक वाळका खुंट होता. त्यावर खंड्या रोज येऊन बसे, सूर मारी, बेडकी पकडी आणि ती खुंटावर आपटून आपटून खाई. बाई कपडे आपटत, तो बेडकी आपटे. दोघांना एकमेकांची सवय झाली होती. त्याचा डोळा दिसेल असा एक फोटो आपल्याला काढता आला पाहिजे, असं बाईंनी मनाशी धरलं आणि भाजीचे पैसे बाजूला टाकत गेल्या.

पैसे जमले तेव्हा नवऱ्याला सांगितलं. रंगराव बुलढाण्याला गेले, तिथल्या स्टुडिओवाल्या माणिकरावाला भेटले आणि परत आले ते अंगात आल्यासारखे.

"दोन हायेत त्याच्यापाशी जुने. एक तं नुसती तोफ हाय तोफ. पुढं हा असा हातभर नळा. सरोवराच्या पल्याडचं माकड हातावर आनते."

"अन् दुसरा?"

"दुसरा काय, चौकोनी डबाच. दोन डोळ्याचा. खाली मुंडी घालून पाहा लागते त्याच्यात. आपल्याले तोफच घ्याची."

"मी न पाह्यताच?"

बायकोने रंगरावांच्या नेमकं वर्मावर बोट ठेवलं होतं. साऱ्या पंचक्रोशीत ते बैलाचे पारखी होते. बैल घ्यायचा तर दात पाहायचे, शेपटी ओढायची, चालवायचा, आणि एवढं करून वखराला जुंपून पाहिल्याशिवाय सौदा करायचा नाही, ही त्यांची रीत. जुंपल्याशिवाय बैल घेणाऱ्याला ते माणसात धरत नसत.

"हाव," ते म्हणाले. "जुंपून पाह्यला पाह्यजे."

माणिकराव नवरात्रात कमळजादेवीच्या जत्रेला पडदा लावून फोटो काढायला यायचाच. त्याने दोन्ही कॅमेरे आणले. रंगरावांनी आधी तोफ हातात घेतली. काचेत फुंकर मारली, उलटी केली, खटका दाबून कानाशी लावली.

"मारका तं नाई ना?" त्यांनी विचारलं.

"रंगरावभाऊ, कॅमेरा हाय तो," माणिकराव म्हणाला.

"म्हनून तं इचारलं. बैल असता तं मलेच समजलं असतं."

मग तोफ बाईंच्या गळ्यात घातली. त्या दगडावर बसल्या, खंड्याकडे नळा धरला, तर सगळं धुकंच.

"वहिनी, इतक्या जवळचं याले दिसत नाई," माणिकरावाने सांगितलं. "मागं जा, पाटाच्या पल्याड, त्या वाटेवर."

ती वाट जत्रेची. धारेवर अंघोळ करून देवीला निघालेली माणसं तिथून खाली उतरत होती. बाईंनी तिथे जाऊन तोफ डोळ्याला लावली आणि वाट जागच्या जागी थांबली. उकंडराव पाटलांनी फेटा सारखा केला. दोघी जावांनी पदर नीट घेतले आणि छातीवर हात बांधून उभ्या राहिल्या. कुणी हसेना, कुणी पापणी हलवेना.

"व्हा ना बाजूले," बाई म्हणाल्या. "पाखरू काढून राह्यली मी."

"काढा की," उकंडराव ओठ न हलवता म्हणाले. "आमी काय हालून राह्यलो?"

त्या डावीकडे सरकल्या की रांग डावीकडे सरके. सत्यभामाबाई देवीची ओटी घेऊन आल्या त्याही रांगेत घुसल्या आणि सुनेला म्हणाल्या, "माहा नीट काढजो. माशी नको करू." बाईंनी शेवटी खटके दाबून टाकले; त्याशिवाय वाट मोकळी होईना. एवढ्या गडबडीत खंड्या केव्हाच उडून गेला होता.

जत्रा खाली उतरल्यावर बाई दुसरा कॅमेरा घेऊन दगडावर येऊन बसल्या. हा पोटाशी धरायचा आणि वरून काचेत पाहायचं, सुपात तांदूळ निवडायला घेतल्यासारखं. वाटेने चार बायका गेल्या. "काय निवडून राह्यली व सुभद्रामाय?" एकीने विचारलं आणि उत्तराला न थांबता ती निघून गेली. खंड्या परत येऊन खुंटावर बसला. रोजची बाई रोजच्यासारखी मान खाली घालून बसलेली; त्याला त्यात उडण्यासारखं काही दिसलं नाही.

काचेत मात्र जग उलटं होतं. खंड्या उजवीकडे उडाला तो काचेत डावीकडे गेला, बाई त्याच्यामागे वळल्या आणि पाहतात तर काचेत रंगराव, तोंडात अर्धी जिलबी. हसू आवरेना, आणि त्यातच खटका दाबला गेला. मग त्यांनी ठरवलं की त्याच्या मागे धावायचंच नाही. येईल तो खुंटावर. त्यांनी खुंट काचेत नीट बसवला, कडेची चकती फिरवून त्याची साल न् साल स्पष्ट केली आणि वाट पाहिली. तो आला. चोचीत बेडकी होती. बाईंनी खटका दाबला.

दुसऱ्या दिवशी दुपारी माणिकरावाने पडद्यामागून ओले फोटो आणून दोरीवर टांगले. बघायला गर्दी झाली. तोफेच्या फोटोत अख्खी वाट होती, देवळातल्या मूर्तींसारखी. उकंडराव स्वतःला पाहून हलेनात. चौकोनी डब्याच्या फोटोत खुंट होता, खंड्या होता, लटकलेला बेडकीचा पाय होता, आणि खंड्याच्या डोळ्यात एक पांढरा ठिपका चमकत होता.

सत्यभामाबाईंनी तो बराच वेळ पाहिला. "हा तं आपलाच हाय," त्या म्हणाल्या. "पाटावरचा."

रंगराव मात्र अजून तोफेकडे बघत होते. "तरी पन. साऱ्या गावाचे कसे झकास आले पाहा. अन् नळा किती मोठा."

"तुमी बैल घेता तं शिंगं पाहून घेता काय?" बाईंनी विचारलं.

"नाई."

"मंग? तुमची तोफ दूरचं पाह्यते. मी दूर जाऊ कायले? माहं पाखरू माह्याजोळ येऊन बसते. मले हा पाह्यजे."

रंगरावांनी बायकोकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं. जुंपून पाहिल्यावर जो बैल चालला तो चालला. तिथे त्यांचं स्वतःचंही चालत नसे. "काढ बे माणिकराव, रुमाल काढ," ते म्हणाले.

बैलाचा भाव रुमालाखाली बोटं दाबून करतात. पैसे सुभद्राबाईंचे, पण परक्या पुरुषाच्या हातात हात त्या देणार कशा? रंगरावांनीच तोड काढली. उजवा हात रुमालाखाली माणिकरावाच्या हातात, डावा हात पदराखाली बायकोच्या हातात. माणिकरावाने बोटं दाबली की तेवढीच डावीकडे पोचती व्हायची आणि डावीकडून आलेलं उत्तर उजवीकडे. दोरीजवळची गर्दी फोटो सोडून हा सौदा बघू लागली.

एकदा रंगरावांनी बायकोच्या सांगण्यापेक्षा एक बोट जास्तीचं दाबलं, पण बाईंचा डोळा रुमालावरच होता. त्यांचा चेहरा एकदम वाकडा झाला.

"काय झालं भाऊ?" माणिकराव म्हणाला.

"काई नाई. इकडून चिमटा आला. एक बोट कमी कर."

माणिकराव इतका हसला की रुमाल खाली पडला, आणि उघड्या हातांनीच सौदा झाला. उकंडरावांनी तिथल्या तिथे विचारलं, "सुभद्राबाई, आता आमचे फोटो कोन काढीन?"

"माणिकराव काढीन, पडद्यासमोर," बाई म्हणाल्या. "मले कामं हायेत."

त्यांनी कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात अडकवला, पदर वरून सारखा केला आणि पाटावर न्यायला आणलेली धुण्याची बादली नवऱ्याच्या हातात देऊन पाटाच्या वाटेला लागल्या.