श्रीखंडाला रॉकेलचा वास

मांजरी भागातल्या आमच्या नव्या फ्लॅटमध्ये रॉकेलचा थेंबही नव्हता. गॅस होता, इन्व्हर्टर होता आणि खराडीच्या आयटीवाल्यांनी पाडव्यासाठी मागवलेल्या श्रीखंडाने गच्च भरलेला मोठा फ्रीज होता. सासूबाई चक्का घोटायच्या, मी ऑर्डरी सांभाळायची.

पाडवा तोंडावर आलेला. दुपारी सासूबाईंनी एक डबा उघडला, हुंगला आणि झाकण हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

"रॉकेल," म्हणाल्या. "ती आलीय."

ती म्हणजे माझी नणंद. माझ्या लग्नाआधीच सासरी स्टोव्हचा भडका उडून गेली. त्याच्या थोडं आधी ती रडत माहेरी आली होती आणि सासूबाईंनीच समजूत घालून तिला परत पाठवलं होतं.

"अहो आई, काहीतरीच काय!" मी डबा ओढून घेतला आणि माझाच हात थबकला. खरंच रॉकेल! केशर घातलेलं श्रीखंड, कडेला जराशी हिरवट बुरशी आणि वास रेशनच्या दुकानातला.

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. श्रीखंड टिकावं म्हणून आम्ही त्यात सॉर्बेटची पांढरी पावडर घालायचो. ती कमी पडली असणार, असं म्हणून पुढच्या खेपेला मी वाढवून घातली. फ्रीजच्या दाराच्या रबरावर काळे ठिपके होते, ते ब्लीचच्या पाण्याने घासले. रबर पांढरंशुभ्र झालं. मेली एकदाची बुरशी, म्हटलं, आणि कामाला लागले.

नव्या डब्यांना जास्तच वास आला. अंगावर सर्रकन काटा आला माझ्या, खोटं कशाला बोलू? रबरावरचे ठिपकेही जागच्या जागी परत उगवले होते. सासूबाईंनी जेवण टाकलं. फ्रीजपाशी पाट घेऊन बसायच्या आणि हळू आवाजात काहीतरी बोलत राहायच्या. यांच्या डोक्यावर परिणाम होतोय की काय, या भीतीने माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

शेवटी एक डबा घेऊन मी खाद्यपदार्थ तपासणाऱ्या प्रयोगशाळेत गेले. तिथल्या बाईंना ठिपक्यांचं, ब्लीचचं सगळं सांगितलं. त्यांनी झाकण उघडलं आणि लगेच लावलं.

"पावडर वाढवलीत वाटतं? काही बुरशींना ती पचते. खातात आणि हा वास सोडतात. ब्लीचने डागाचा रंग गेला, रबराच्या घडीतली बुरशी जिवंतच राहिली."

मी जवळजवळ धावतच घरी आले. "आई, कुणी आलेलं नाही! बुरशी आहे, आपलीच पावडर खाते." त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मी रबर बदललं, चक्क्याची फडकी उकळली, सगळे डबे टाकून दिले. नवं श्रीखंड वेळेत खराडीला पोचलं. वास गेला, सासूबाई दोन घास जेवू लागल्या आणि मी सुटले.

पाडव्यानंतर मिक्सर दुरुस्त करून बुधवार पेठेतून आले, तर दारातच रॉकेल. ओट्यावर टाकून दिलेल्यांपैकी एक डबा, आत हिरवी लव माजलेली. सासूबाई चिमटीने तिच्यावर पावडर भुरभुरवत होत्या.

"आई! हे काय चाललंय?"

"खाते म्हणालीस ना?" त्यांनी मान वर केली नाही. "खाऊ दे. सासरी तिला पोटभर कधी वाढलं नाही त्यांनी. तेच सांगायला आली होती गं ती."