करामाच्या तिसऱ्या मजल्यावरची गुरुमाता

चिनी युद्धविद्येचे सगळे नियम तंतोतंत पाळणारी बाई त्या काळी अख्ख्या आखातात एकच होती, आणि ती म्हणजे दुबईच्या करामा वस्तीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या आमच्या वहिनी. त्यांनी आयुष्यात कोणाला साधी चापट मारलेली नव्हती. चीन सोडाच, दुबईतलंच खाडीपलीकडचं देरासुद्धा त्यांनी धड पाहिलेलं नव्हतं. माहेर-सासर दोन्ही गुहागरकडचं, अंग बारीक, आवाज त्याहून बारीक, आणि चालताना चपलेचा आवाज होणार नाही याची इतकी काळजी की स्वयंपाकघरात त्या आहेत की नाहीत हे आम्हाला फोडणीवरून कळायचं. ओट्यावर पाणी सांडलं तरी आधी डोळे मिटून एक श्वास घ्यायचा आणि मग फडकं उचलायचं, हा त्यांचा शिरस्ता. व्हिडिओ कॅसेटवर पाहिलेल्या चिनी पिक्चरमधल्या योद्ध्या बायका, म्हणजे डोंगरावर राहणाऱ्या भिक्षुणी, खानावळीच्या जिन्यावर एकटीने वीस जणांना लोळवणाऱ्या पोरी आणि बांबूच्या शेंड्यावर उभं राहून उपदेश करणाऱ्या म्हाताऱ्या गुरुमाता, हे त्यांचं खरं गोत होतं. आम्ही बाकीचे भाडेकरू होतो.

मी त्यांच्याकडे आलो तो सत्त्याण्णव साली. नुकताच बी.कॉम. झालेलो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि विमानाची चढलेला गावातला तिसरा. वहिनींचे यजमान, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, अबुधाबीजवळ मुसफ्फाला एका वर्कशॉपमध्ये फोरमन होते. आठवडाभर ते तिथेच कंपनीच्या कॅम्पमध्ये राहत आणि गुरुवारी संध्याकाळी घरी येत. भाडं झेपावं म्हणून दोनपैकी एक खोली त्यांनी आम्हा तीन बॅचलरांना दिली होती. मी पहिल्यांदा दार वाजवून "जागा आहे का?" विचारलं तेव्हा वहिनींनी "नाही" म्हणून दार लावून घेतलं. मला दुसरीकडे कुठे जायचं ते माहीतच नव्हतं, म्हणून मी तिथेच उभा राहिलो. अर्ध्या तासाने दार उघडलं. "अजून आहात का? या, चहा घ्या." पुढे कळलं की डोंगरावरची गुरुमाता पहिल्या विनवणीला कोणालाच आत घेत नाही. "तुमच्या आधी दोघं आले होते, भाऊजी," त्या म्हणाल्या. "नाही म्हटल्यावर पाच मिनिटांत गेले. असली माणसं घरात ठेवून काय करायचं?" मला दुसरा पत्ता माहीत नसणं त्यांनी निष्ठा म्हणून लिहून घेतलं होतं. मी ती दुरुस्ती कधी केली नाही.

त्यांच्या नियमांचा त्रास माणसांपेक्षा घराला जास्त व्हायचा. झुरळाला पाठीमागून मारायचं नाही, आधी समोर येऊन उभं राहायचं, त्याला आपण दिसलो पाहिजे, आणि मग वार करायचा. त्या काळात करामातली झुरळं आमच्या मजल्यावर राहायला येत असावीत असा मला संशय आहे. कणीक मळताना बोलायचं नाही. लिफ्टची वाट पाहताना एका पायावर उभं राहायचं. तिसऱ्या मजल्यावरचे केरळी शेजारी त्यांना पाहून जिन्याने जायचे. त्या चिनी योद्ध्या बायकांवर आम्ही काही शंका काढली की वहिनींकडे उत्तर तयार. पिक्चरमधल्या नायिकेने केस वर बांधून टोपी घातली की सगळे तिला पुरुष समजतात, हे कसं, असं मी एकदा विचारलं. "त्यात काय? आमचे हे कुठे माझ्याकडे नीट बघतात? उद्या मी टोपी घातली तर तुमच्यातलाच चौथा समजून भाडं मागतील." दादा समोरच जेवत होते. त्यांनी मान वर करून वहिनींकडे एकदा नीट पाहिलं आणि आमटी मागितली. एका भिक्षुणीने साप आणि बगळ्याची झुंज पाहून त्यावरून नवी युद्धविद्या रचली अशी तिकडे दंतकथा आहे म्हणतात. ती वहिनींची सगळ्यात लाडकी. "बाईच ती. पुरुष असता तर त्याने सापाला दगड मारला असता आणि गेला असता. इतका वेळ नुसतं बघत बसायला बाईच लागते."

शुक्रवारी दुपारी जेवणं झाली की कॅसेट लागायची. भाडं पाच दिरहम, "म्हणजे पन्नास रुपये, बघा," असं वहिनी दर वेळी मोठ्याने म्हणायच्या आणि मग तितक्याच गंभीरपणे बघायला बसायच्या. पिक्चर चिनी भाषेत, खाली इंग्रजी ओळी. वहिनींना इंग्रजी अक्षरं यायची, पण ती इतक्या घाईत पळाली की नाही यायची. त्यांची दहा वर्षांची मुलगी तिथल्याच शाळेत वाढलेली. तिला सगळं वाचता यायचं, पण मराठीत सांग म्हटलं की गुरुमातेच्या चार वाक्यांच्या उपदेशाचं ती "शी इज अँग्री" एवढंच करायची. म्हणून हे काम घरातल्या पदवीधराकडे आलं.

पदवीधर मराठी माध्यमातला. माझं इंग्रजी कागदावर बरं होतं, पण त्याला वेळ लागायचा. कर्ता सापडून क्रियापदाकडे जाईपर्यंत ओळ निघून गेलेली असायची आणि पडद्यावर कोणाची तरी पगडी उडालेली असायची. पहिल्याच शुक्रवारी म्हातारी गुरुमाता शिष्येकडे बघून बराच वेळ बोलली. वहिनींनी पिक्चर थांबवला. "काय म्हणाली, भाऊजी?" मला त्यातला 'राइस' हा एकच शब्द मिळाला होता. शिष्या नुकतीच एक लढाई जिंकून आली होती, समोरच्याचा पाय घसरला म्हणून. घरात घेणाऱ्या बाईसमोर मला समजलं नाही असं म्हणायचा धीर होईना. आमच्या हायस्कुलात दर शनिवारी हेडमास्तर प्रार्थनेनंतर बोलत, त्यांना स्मरून मी सांगितलं, "म्हणते, तो घसरला म्हणून तू जिंकलीस. याला मी जिंकणं म्हणत नाही. पुन्हा खाली जा आणि पाणी भरायला लाग." वहिनींनी आधी डोळे मिटून एक श्वास घेतला. मग म्हणाल्या, "बरोबर आहे तिचं." तेव्हापासून दोन वर्षं दर शुक्रवारी चीनच्या निरनिराळ्या डोंगरांवरून आमचे हेडमास्तर बोलत राहिले.

या शुक्रवारांचा मला फायदाच झाला, हे कृतज्ञतेने सांगितलं पाहिजे. माझा वाचनाचा वेग वाढला. मी नोकरीला होतो त्या कार्गो ऑफिसात इंग्रजी पत्रं स्वतः लिहू लागलो. एका पार्टीचे कागद उशिरा गेले तेव्हा मी फॅक्समध्ये लिहिलं की या अपात्र सेवकाला क्षमा करावी, त्याने आपल्याला मान खाली घालायला लावली. आमचे केरळी मॅनेजर तो फॅक्स घेऊन माझ्या टेबलाशी आले. "व्हॉट इज धिस, मॅन? डू यू वॉन्ट टु डाय?" पार्टी मात्र खूश झाली. असं पत्र त्यांना दुबईतून कधी आलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी दादांच्या कंपनीने फॅमिली अलाउन्स बंद केला. दादा कमी बोलणारे. एका शुक्रवारी सकाळी त्यांनी सांगितलं की मार्चमध्ये मुलीची परीक्षा झाली की दोघींनी गावी जायचं. ते कॅम्पमध्ये राहतील. वहिनींनी तोवर एक नोकरी शोधलेली होती. शाळांना नकाशे आणि प्रयोगशाळेचं सामान पुरवणाऱ्या एका दुकानाला शाळाशाळांतून हिंडणारी बाई हवी होती. ती नोकरी मिळाली तर दोघी राहणार होत्या. अट एकच, ड्रायव्हिंग लायसन.

ज्यांनी त्या काळी दुबईत ड्रायव्हिंगची टेस्ट दिली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. सहा-सात वेळा नापास होणं ही तिथली रीतच होती. वहिनींना मात्र त्यात काही गैर वाटेना. तीन वर्षं पाणी भरल्याशिवाय पहिला वार शिकवत नाहीत, मग हे तर काहीच नाही. शिकवायला एक पठाण उस्ताद होता. तो सूर्यफुलाच्या बिया सोलत "शीशा देखो, बहनजी, शीशा" एवढंच म्हणायचा, त्यामुळे वहिनी त्याला गुरू मानत नव्हत्या. पण पहिल्या टेस्टला त्यांना पोलीस खात्याची परीक्षक बाई भेटली आणि त्या घरी आल्या त्या भारावूनच. पायघोळ काळा अबाया, काळा चष्मा, बोलणं दोनच शब्द. गाडी सुरू करायला "यल्ला" आणि नापास करायला "खलास". "काय बसणं हो तिचं," वहिनी सांगत होत्या. "मी आरशात बघितलं नाही हे तिला माझ्या मानेवरून कळलं. पिक्चरमध्ये बघतो ना आपण, तशी बाई." चार वेळा त्या बाईने त्यांना नापास केलं आणि चारही वेळा वहिनी तिचं कौतुक करत जिना चढल्या. आम्ही मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागलो होतो. फेब्रुवारी लागला होता.

पाचव्या टेस्टला ती बाई नव्हती. तिच्या जागी एक वयस्कर, प्रेमळ अरब गृहस्थ होते, आणि त्यांचं लक्ष बहुतेक बाहेरच होतं. वहिनींनी गोल चक्करला आरशात न बघताच गाडी आत घातली. बाजूच्या लॉरीवाल्याने ब्रेक मारला म्हणून निभावलं. गाडी थांबल्यावर त्या गृहस्थांनी "मब्रूक, मदाम" असं अभिनंदन केलं आणि पास म्हणून सही करायला पेन काढलं. आणि आमच्या वहिनी त्यांना म्हणाल्या, "सर, मिरर नहीं देखा. ट्रक रुका, इसलिए बचा." त्यांना कळेना. तेव्हा वहिनींनी मान कशी वळवायला हवी होती आणि कशी वळवली नाही, हे दोन्ही करून दाखवलं. त्यांनी पेन खिशात ठेवलं.

हे वहिनींनीच संध्याकाळी आम्हाला सांगितलं, गुरुवार होता म्हणून दादांच्या देखतच. "तो घसरला म्हणून आपण जिंकलो, याला काय अर्थ आहे? पुन्हा पाणी भरायचं." त्या माझ्याकडे बघून हसल्या, जणू आमच्यातली खूण पटली. दादा काही रागावले नाहीत. "बरं केलंस," ते म्हणाले. मग त्यांनी स्टूल घेतलं, कपाटावरची मोठी बॅग खाली काढली आणि तिच्यावरची धूळ पुसली.  त्या बॅगेपर्यंत गोष्ट माझ्यामुळे आली होती.

दुसऱ्या दिवशी कॅसेट लागायच्या आधी मी सगळं कबूल केलं. की मला वाचता येत नव्हतं, की गुरुमाता तसं कधीच म्हणाली नव्हती, की ते सगळं आमच्या हायस्कुलातलं आहे. वहिनी शेंगा सोलत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही.

"ते मला माहीत आहे, भाऊजी."

"कसं?"

"ही काय इथेच बसलेली असते. पहिल्याच शुक्रवारी हिने सांगितलं. काय गं होतं ते, बाय?"

मुलगी वहीतून मान वर न करता म्हणाली, "शी सेड, द राइस इज गेटिंग कोल्ड. कम इन."

"भात निवतोय, आत ये," वहिनी म्हणाल्या. "ते काय, मीही रोज म्हणते. त्यासाठी पन्नास रुपये कशाला घालवायचे? तुमची बाई चांगलं बोलायची."

"पण वहिनी, त्यापायी तुमचं लायसन गेलं."

"लायसन नाही गेलं. लॉरीवाल्याचं मिळालेलं परत केलं. मी उद्या हिला मागे बसवून गाडी चालवणार ना? तेव्हा तो लॉरीवाला रोज येणार आहे का?"

मी उठून कॅसेट लावली.

सहाव्या टेस्टची तारीख मिळाली ती मार्चच्या मधली, मुलीच्या शेवटच्या पेपरच्या दिवसाची. गाडीत पुन्हा तीच काळ्या चष्म्याची बाई. त्या दिवशी मी ऑफिसातून दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा कोणी उचलला नाही. घरी आलो तर वहिनी एकट्याच हॉलमध्ये बसलेल्या होत्या, अगदी गप्प. मी समजलो आणि बूट काढू लागलो. "पास केलं," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "चष्मा काढून बघितलं हो माझ्याकडे. आपल्याच वयाची आहे." गुरुवारी दादांनी बॅग पुन्हा कपाटावर ठेवली, आणि या वेळी स्टुलावर चढताना ते शीळ वाजवत होते.

नोकरी लागली, पगार सुरू झाला आणि खोली भाड्याने द्यायची गरज उरली नाही. मुलगी मोठी होत होती, तिला खोली हवीच होती. वहिनींनी हे आम्हाला सांगायला पंधरा दिवस लावले. शेवटी मीच सांगितलं की मला अल मनखूलला जागा मिळते आहे. ती तेव्हा खरं म्हणजे मिळायची होती. माझं सामान दुकानाच्या गाडीतून वहिनींनीच पोचवलं. करामा ते मनखूल दहा मिनिटांचा रस्ता, पण तिथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, आणि समोरची रांग ओलांडून डावीकडे वळायचा धीर त्यांना अजून आलेला नव्हता. आम्ही फक्त उजवीकडे वळत वळत पाऊण तासाने पोचलो. "शुक्रवारी यायचं," त्या रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाल्या. "पिक्चर मी आणून ठेवते."

मी जात राहिलो. मे महिन्यातल्या एका शुक्रवारी गेलो तर मुलीने दार उघडून ओठांवर बोट ठेवलं. कॅसेट लागलेली होती आणि वहिनी सोफ्यावर बसल्या बसल्या झोपल्या होत्या. आठवडाभर शारजापासून जेबेल अलीपर्यंतच्या शाळा हिंडलेल्या. पायाशी गुंडाळलेले नकाशे, तोंड जरा उघडं. इतक्या दिवसांत मी त्यांना कधी दमलेलं पाहिलं नव्हतं. मुलीने आवाज अगदी बारीक केला आणि आम्ही दोघं खाली सतरंजीवर बसलो. पडद्यावर एक म्हातारी गुरुमाता पायरीवर बसून काहीतरी सांगत होती. ओळी आता मला वेळेत वाचता येत होत्या, आणि मुलीला तर येतच होत्या. तरी तिने माझी बाही ओढली आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी मराठीत बोलली.

"काका, ती काय म्हणते?"

मी वहिनींकडे पाहिलं.

"म्हणते, झोपू दे तिला."