सीरिजवरून निलेशचा ओठ फोडला

मित्रांनो, उजवा हात अजून ठणकतोय, म्हणून डाव्याने टाइप करतोय.

दुपारी मुरबाडला मी आणि निलेश किन्हवलीच्या जीपमध्ये बसलो होतो. जीप भरल्याशिवाय सुटत नाय, म्हणून आम्ही दोघं बघतोय त्या सीरिजवर गप्पा चालल्या होत्या. जग संपलंय, उरलेली माणसं बोगद्यात राहतात, आणि हिरो सात वर्षं बायकोची वाट बघतोय. ती गेली कुठे, हेच सगळं कोडं.

मी म्हटलं, "ती परत येणार बघ."

निलेश हसला. "येडा हायस. जिवंत हाय रे ती, फक्त याच्याकडं यायचं नाय तिला. दुसरा कोणतरी भेटला असंल."

मी कॉलेज सोडल्यापासून माझी गर्लफ्रेंड माझा फोन उचलत नाय, हे एकट्या निलेशला माहीत आहे. माझं डोकं फिरलं. त्याला खाली ओढून तोंडावर बुक्की मारली. पडला तरी लाथा घातल्या. त्याचा शर्ट रक्ताने भरला. त्याने दगड उचलला, पण मारला नाय.

ड्रायव्हरकाका म्हणाले, "तुमच्याच दोन सीट ऱ्हायल्यात. बाकीची मारामारी किन्हवलीला उतरून करा."

गुडघ्याला गुडघा लावून बसलो. अर्ध्या वाटेत निलेश तोंडावरचा रुमाल न काढता बोलला, "मी सीरिजचंच बोलत होतो रे."

खोटं बोलत नव्हता तो. दुसरा कोणीतरी भेटला असेल, हे रोज मीच मनात म्हणतोय.

तुमच्या मनातलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं म्हणून तुमी कधी त्याला मारलंय का? मग त्याच्या घरी कोणत्या तोंडाने गेलात?