चौकटीवरची खाच
वार्निशचा वास आला की माझी बोटं आपोआप दाराच्या चौकटीवरची खाच शोधतात. राजूरला आमचं पहिलं घर बांधून झालं होतं, दुसऱ्या दिवशी वास्तुशांत होती. नवऱ्याने चौकटीला वार्निशचा शेवटचा हात दिला होता आणि मी तिला हळदकुंकू लावत होते. तेवढ्यात मोठे दीर आमच्या गावाहून, धावड्याहून, कुऱ्हाड घेऊनच आले. "मी ऊसतोडीला गेल्तो, तर बांधावरचा लिंब कोणाला इचारून तोडला रे? दोघांचा व्हता तो!" म्हणत त्यांनी त्या कडुलिंबाच्याच लाकडाच्या चौकटीवर घाव घातला. माझ्या हाताजवळून ढलपी उडाली. नवरा आडवा आला, तर दांड्याने त्याला असं बडवलं की कपाळाचं रक्त ओल्या वार्निशवर ओघळलं. "मला मार दादा, पण चौकट सोड, उद्या पूजा हाय," तो म्हणत राहिला. "कोणाची अक्कल व्हती ही? बोल!" "माझीच," नवरा म्हणाला. परवा त्याच चौकटीला नवं वार्निश द्यायला आलेला सुतार म्हणाला, खाच लांबी-पुट्टी भरून बुजवतो. मी त्याच्यावर खेकसले. 'तोडा लिंब, त्यांना काय इचारायचं?' असं मीच म्हणाले होते, आणि नवरा मार खात असताना कुंकवाचा करंडा धरून गप्प उभी होते.